निळी माती: माद्रिद ओपन २०१२च्या पुरुष एकेरीत काय घडलं?

प्रसंग

मे २०१२. माद्रिदच्या मुख्य कोर्टावर तिसऱ्या फेरीचा सामना चालू आहे. निर्णायक सेटमध्ये राफेल नदाल ५–२ने पुढे. समोर त्याचाच देशबांधव फर्नांडो वेर्डास्को. दोघं याआधी १३ वेळा भिडलेले आणि तेराही वेळा नदालच जिंकलेला. शिवाय त्या मोसमात मातीवर नदालने एकही सामना गमावलेला नव्हता. मोंटे कार्लो त्याने सलग आठव्यांदा जिंकली होती, बार्सिलोना सातव्यांदा. अशा माणसाला हवा होता फक्त एक गेम.

तो गेम मिळालाच नाही. वेर्डास्कोने ओळीने पाच गेम घेतले आणि सामना ६–३, ३–६, ७–५ असा खिशात टाकला. पुढे नदालने रोम जिंकली, फ्रेंच ओपनही जिंकली. वर्षाअखेर मातीवरचा हिशेब झाला २३ विजय आणि १ पराभव. तो एक पराभव माद्रिदचा.

त्या वर्षी माद्रिदची माती निळी होती. व्यावसायिक टेनिसच्या इतक्या वरच्या पातळीवर निळ्या मातीवर खेळलं गेलं ते याआधी कधीच नाही आणि यानंतरही नाही. हा प्रयोग कसा ठरला, कुठे फसला, कोणी कोणता निर्णय कधी घेतला, हे इथे क्रमाने मांडलं आहे. फसलेल्या प्रयोगाचं खापर रंगावर फोडून सगळे मोकळे झाले. मला मात्र ते कधीच पटलं नाही.

पार्श्वभूमी

माद्रिदची ही स्पर्धा मुळात मातीची नाही. २००२ साली सुरू झाली तेव्हा ती छताखाली, हार्ड कोर्टवर, म्हणजे कडक पृष्ठभागाच्या कोर्टवर व्हायची. २००९ मध्ये ती वसंतात आली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्पर्धेची जागा घेऊन मातीवर आली आणि ‘काहा माहिका’ या नव्या संकुलात दाखल झाली. काहा माहिका म्हणजे जादूची पेटी. फ्रेंच वास्तुविशारद डोमिनिक पेरो यांनी उभारलेलं हे संकुल. तीन कोर्टांवर सरकती छपरं, मुख्य कोर्टाला विम्बल्डनविजेत्या मॅनोलो सांतानांचं नाव. स्पर्धेचे तेव्हाचे संचालकही तेच.

स्पर्धेचे तेव्हाचे मालक इऑन तिरियाक. हे रुमानियाचे जुने खेळाडू. १९७० साली इली नास्तासेबरोबर त्यांनी फ्रेंच ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, पुढे गिलेर्मो विलास आणि बोरिस बेकर यांच्या कारकिर्दी घडवल्या. लाल माती त्यांच्या अंगाला आयुष्यभर लागलेली, त्यामुळे मातीतलं कळत नसलेल्या कुणा व्यापाऱ्याने हा खेळ केला असं म्हणायची सोय नाही. पण लोकांचं लक्ष वेधण्याची त्यांना भारी हौस. २००४ मध्ये याच स्पर्धेत त्यांनी बॉलगर्ल म्हणून मॉडेल तरुणी उभ्या केल्या होत्या.

निळ्या रंगामागचा त्यांचा युक्तिवाद सरळ होता: टीव्हीवर चेंडू दिसला पाहिजे. यात तथ्य होतं. १९७२ मध्ये चेंडू पांढऱ्याचा पिवळा झाला तो रंगीत टीव्हीमुळेच. विम्बल्डनने १९८६ पर्यंत दम धरला, पण शेवटी त्यांनीही पिवळा स्वीकारला. अमेरिकन ओपनची कोर्टं २००५ मध्ये निळी झाली, ऑस्ट्रेलियन ओपनची २००८ मध्ये, आणि दोन्हीकडे प्रेक्षक खूश झाले. त्याच २०१२च्या उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकीसुद्धा निळ्या टर्फवर, पिवळ्या चेंडूने खेळली गेली. लाल मातीवर धुळीने माखलेला चेंडू दोन-चार गेममध्ये मळकट नारिंगी होतो आणि कॅमेऱ्यात हरवतो. निळ्यावर तो उठून दिसतो. प्रायोजक विमा कंपनीचा रंग निळा होता, हा योगायोग कुणाच्या नजरेतून सुटला नाही, पण तेवढ्यावरून मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

मात्र हार्ड कोर्ट आणि माती यांत एक मोठा फरक आहे आणि सगळं प्रकरण त्या फरकावर उभं आहे. हार्ड कोर्टला रंग देतात. माती *बनवावी* लागते.

मातीचं कोर्ट म्हणजे काय

इथे जरा थांबायला हवं. टीव्हीवर दिसतं ते लाल मैदान म्हणजे मातीचा जाड थर, असा बहुतेकांचा समज असतो. पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवरच्या कोर्टात तळाला दगड असतात, त्यावर खडी, त्यावर कोळशाची राख-खंगर, मग काही सेंटिमीटर जाडीचा पांढऱ्या चुनखडीचा थर. ज्याला आपण लाल माती म्हणतो ती विटांची बारीक भुकटी असते, तीही सगळ्यात वर, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. खेळाडू घसरतो तो या भुकटीवर. त्याला आधार देते ती खालची चुनखडी, जी पाणी धरून ठेवते आणि वरच्या भुकटीला चिकटवून ठेवते.

म्हणून मातीच्या कोर्टाला रोज माणूस लागतो. पाणी किती मारायचं, रोलर किती फिरवायचा, जाळी कधी ओढायची, रेषा कधी झाडायच्या, हे त्या माणसाच्या हाताला कळतं. कोरडं पडलं तर भुकटी उडते आणि पाय सटकतो, जास्त भिजलं तर चेंडू बसतो. आपल्याकडे दसऱ्याच्या आगेमागे क्लबाचं मातीचं कोर्ट पुन्हा उभं करताना ज्याने माती चाळली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. तालमीतल्या हौद्याची माती जशी ताक, तेल, हळद घालून, रोज खणून मुरवावी लागते, तसंच हेही आहे. नव्या मातीत पहिल्याच दिवशी कुणी मोठी कुस्ती लावत नाही.

माद्रिदची निळी माती विटांचीच होती. विटेचा लालपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. तो काढून टाकून उरलेल्या भुकटीला निळा रंग दिला होता. रंग वगळता बाकी सगळं लाल मातीसारखंच आहे, असं संचालक सांताना यांनी आधीच सांगून टाकलं होतं. ते खरं असेलही. पण या मातीसाठी कोर्टं नव्याने तयार केली गेली होती आणि नवं कोर्ट बसायला वेळ घेतं.

मंजुरी

तिरियाक यांनी कल्पना मांडली ती २००९ मध्येच. तेव्हा बाहेरचं एक कोर्ट निळं करून काही खेळाडूंना त्यावर खेळवून पाहिलं गेलं. पुरुष टेनिसची संघटना एटीपी हिचे तेव्हाचे अध्यक्ष अॅडम हेल्फंट यांनी २०११ मध्ये, पद सोडण्याआधी, मंजुरी दिली. जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्या जागी ब्रॅड ड्रुएट आले तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता. मंजुरी दिली एकाने, निस्तरलं दुसऱ्याने.

नदालने विरोध आधीच जाहीर केला होता. स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर तेव्हा खेळाडू परिषदेचा अध्यक्ष होता. खेळाडूंना मान्य नसलेल्या मातीवर त्यांना उतरवलं जातंय, याची खंत त्यानेही स्पर्धेआधी बोलून दाखवली होती. नदालचं म्हणणं साधं होतं: मातीचा मोसम म्हणजे एक साखळी आहे. मोंटे कार्लो, बार्सिलोना, माद्रिद, रोम आणि मग पॅरिस. पायाची लय एका स्पर्धेतून दुसरीत वाहत जाते. मधली एकच कडी वेगळ्या धातूची असेल तर फायदा कुणाचा?

माद्रिद आधीच थोडं वेगळं होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर, म्हणजे पुण्यापेक्षाही उंच. हवा विरळ, चेंडू वेगात जातो, उसळी जास्त. मोंटे कार्लो समुद्राकाठी, रोम आणि पॅरिसही सखल. तेव्हा या ठिकाणी मातीचा वागण्याचा ढंग मुळातच वेगळा, त्यात रंग बदलला आणि जोडीला कोर्टंही नवी. तीन गोष्टी एकत्र आल्या. पुढे काहीही बिनसलं तर दोष कोणाचा, हे शोधायची वाट तिथेच बंद झाली.

अडचण

पहिल्या दिवसांपासून तक्रार एकच होती: पाय धरत नाही. लाल मातीवर खेळाडू चेंडूकडे घसरत जातो, फटका मारता मारता थांबतो आणि त्याच पायाने मागे फिरतो. या तिन्ही गोष्टी एका ताब्यात घडतात. निळ्या मातीवर घसरणं होत होतं, थांबणं होत नव्हतं. वेळेवर थांबता आलं नाही की फटका उशिरा लागतो आणि परतायला एक पाऊल कमी पडतं. नदालसारख्याचा सगळा खेळ त्या एका पावलावर चालतो. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या, मागे दूरवर उभं राहून, कोपऱ्यातून कोपऱ्यात धावून, चेंडूला जबर टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देत समोरच्याला थकवायचं. पायाखाली खात्री नसेल तर हा खेळ उभाच राहत नाही.

सर्बियाचा नोवाक जोकोविच गतविजेता होता. २०११च्या अंतिम लढतीत त्याने नदालला याच शहरात, लाल मातीवर, हरवलं होतं. तो उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या यान्को टिप्सारेविचकडून ७–६, ६–३ असा हरला. इथे फुटबॉलचे बूट घालून यायला हवं, असं तो पत्रकारांना म्हणाला. नदाल आणि जोकोविच दोघांनीही जाहीर केलं की माती बदलली नाही तर पुढच्या वर्षी येणार नाही. जागतिक क्रमवारीतले पहिले दोघे. अँडी मरे पाठदुखीमुळे आधीच बाहेर होता.

उपांत्य फेरीतले चौघे पाहा: फेडरर, टिप्सारेविच, बर्डिच, देल पोत्रो. टोमास बर्डिच १.९६ मीटर उंच, हुआन मार्टिन देल पोत्रो १.९८. त्यांच्यातला सामना दोन टायब्रेकमध्ये, म्हणजे ६–६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, संपला. मोठी सर्व्हिस, सपाट फटके, छोटे गुण. मातीच्या स्पर्धेत एरवी असा चौकोन क्वचितच दिसतो.

समोरचे पर्याय

खेळाडूंपुढे फारसे पर्याय नव्हते. माद्रिद ही अनिवार्य स्पर्धा. कारण नसताना गैरहजर राहिलं तर क्रमवारीत त्या आठवड्याच्या गुणांच्या जागी शून्य बसतं. मधूनच सोडून गेलं तर तेही नाव खराब करणारं. उरलं ते दोन: खेळा आणि बोला, किंवा खेळा आणि गप्प राहा.

आयोजकांपुढे त्या आठवड्यात जवळपास काहीच नव्हतं. सगळी कोर्टं निळी. सामना हलवायला लाल कोर्ट शिल्लक नाही. पाणी, रोलर, ब्रश यांनी जेवढं सावरता येईल तेवढंच. कोर्टं निसरडी आहेत हे त्यांनी नाकारलं नाही, ही चांगली गोष्ट. पण पाया चुकला असेल तर वरवरच्या उपचाराने किती फरक पडणार?

एटीपीपुढे स्पर्धा संपल्यावर तीन वाटा होत्या. एक, पुढच्या वर्षीही निळी माती चालू ठेवायची, पण कोर्टाच्या दर्जाची काटेकोर तपासणी बंधनकारक करायची. दोन, मुख्य कोर्टं लाल, बाहेरची एक-दोन निळी, असा अर्धा प्रयोग ठेवायचा. तीन, सरसकट बंदी.

कोणी काय केलं

फेडररने काय केलं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण अडचण सगळ्यांना सारखीच होती. त्याची पहिलीच लढत मिलोस राओनिचशी. कॅनडाचा हा तरुण १.९६ मीटर उंच, सर्व्हिस तोफेसारखी. फेडररने पहिला सेट गमावला, दुसरा ७–५ घेतला आणि तिसरा टायब्रेकमध्ये ७–४ असा काढला. दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर तोही त्याच दिवशी घरी गेला असता आणि आज आपण या प्रकरणाची गोष्ट वेगळीच सांगितली असती.

त्या सामन्यातून त्याने जे घेतलं ते पुढे वापरलं. घसरण्याची वेळच येऊ द्यायची नाही. बेसलाइनला चिकटून उभं राहायचं, चेंडू वर येतानाच मारायचा, गुण लवकर संपवायचा. जमेल तिथे नेटवर जायचं. गास्के, फेरेर, टिप्सारेविच यांच्याविरुद्ध त्याने एकही सेट दिला नाही. अंतिम फेरीत बर्डिचने पहिला सेट ६–३ घेतला, पण पुढचे दोन्ही फेडररने ७–५, ७–५ असे काढले. माद्रिदमधलं हे त्याचं तिसरं जेतेपद: २००६ मध्ये हार्ड कोर्टवर, २००९ मध्ये लाल मातीवर, आता निळ्या मातीवर. एकाच स्पर्धेत तीन वेगवेगळ्या जमिनींवर. मास्टर्स १००० दर्जाचं (ग्रँड स्लॅमखालच्या मोठ्या स्पर्धांचा दर्जा) त्याचं हे विसावं विजेतेपद आणि त्यासोबत क्रमवारीत नदालला मागे टाकून दुसरं स्थान.

नदालने घेतलेला निर्णय वेगळा होता. तो आपला खेळ सोडायला तयार नव्हता. दोन आठवड्यांनी पॅरिस होतं आणि तिथे त्याला तोच खेळ हवा होता. एका स्पर्धेसाठी पायाची सवय मोडायची आणि मग रोममध्ये पुन्हा जोडायची, ही जोखीम त्याच्या दृष्टीने मोठी होती. निकाल पाहता त्याचा हिशेब चुकला असं म्हणता येत नाही. रोमच्या अंतिम फेरीत त्याने जोकोविचला ७–५, ६–३ हरवलं आणि पावसामुळे सोमवारी, ११ जूनला संपलेल्या पॅरिसच्या अंतिम लढतीत पुन्हा जोकोविचलाच हरवून सातवी फ्रेंच ओपन जिंकली.

एटीपीने तिसरी वाट धरली. जून २०१२ मध्येच ड्रुएट यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी निळ्या मातीला परवानगी नाही. टीव्हीवर चेंडू चांगला दिसतो हे त्यांनी मान्य केलं, पण कोर्टाचा दर्जा स्वीकारण्याजोगा नव्हता, असं स्पष्ट सांगितलं.

निर्णयाचे क्षण, पुन्हा एकदा

मला सगळ्यात जास्त खटकतो तो २००९ ते २०११ मधला काळ. दोन वर्षं हाताशी होती. बाहेरच्या एका कोर्टावर सराव करून पाहणं आणि त्या कोर्टावर खरे सामने खेळवणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरावात खेळाडू शेवटचा चेंडू सोडून देतो, सामन्यात झेपावतो. माती कळते ती झेपावल्यावर. २०१० आणि २०११च्या पात्रता फेऱ्या किंवा दुहेरीचे सामने निळ्या कोर्टांवर झाले असते, तर पाय धरत नाही ही तक्रार तेव्हाच कानावर आली असती आणि पाया सुधारायला एक हिवाळा मिळाला असता.

दुसरा क्षण मंजुरीचा. अट एवढीच घालता आली असती: पहिल्या वर्षी रंग बदला, पण जुन्या, बसलेल्या कोर्टांवर. किंवा नवी कोर्टं करा, पण वरची भुकटी लालच ठेवा. एका वेळी एकच बदल. मग काय बिघडलं ते कळलं असतं. मातीची कोर्टं राखणाऱ्या अनुभवी माणसांचं मत मंजुरीच्या टेबलावर किती वजनाचं होतं, हे बाहेरून दिसत नाही. पण त्या आठवड्यात जे दिसलं त्यावरून ते पुरेसं नव्हतं, असं मला वाटतं.

तिसरा, खेळाडूंचा. विरोध नोंदवला गेला, पण एकसंध भूमिका म्हणून मंजुरीआधी उभी राहिली नाही. स्पर्धा चालू असताना दोन मोठ्या खेळाडूंनी न येण्याची भाषा केली तेव्हा सगळं हललं. म्हणजे ताकद होती, फक्त ती उशिरा वापरली गेली. क्रमवारीत ऐंशीव्या-नव्वदाव्या स्थानावरचा खेळाडू हीच तक्रार करत असता, तर कुणी ऐकलं असतं का, हा प्रश्न मला अजून सतावतो. तोही त्याच मातीवर घसरला होता.

आणि चौथा, बंदीचा. त्या क्षणी दुसरा निर्णय घेणं ड्रुएट यांना कठीण होतं, हे मान्य. पण बंदी आली ती निळ्या मातीवर आणि दोष सांगितला गेला कोर्टाच्या दर्जाचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत चार्ल्सटनला हिरव्या मातीवर वर्षानुवर्षं स्पर्धा होते. ती माती विटेची नसून दगडाच्या भुकटीची असते आणि पाय धरते. त्याच वसंतात सेरेना विल्यम्सने चार्ल्सटनची हिरवी माती जिंकली आणि माद्रिदची निळीही. रंग आणि पकड यांचा संबंध नक्की काय, याचं उत्तर एक वर्ष आणखी, नीट बसवलेल्या निळ्या कोर्टावर खेळून मिळालं असतं. ते मिळालंच नाही.

नंतर

२०१३ मध्ये माद्रिदची कोर्टं पुन्हा लाल झाली. नदाल आणि जोकोविच दोघंही आले. जोकोविच पहिल्याच लढतीत ग्रिगोर दिमित्रोवकडून तीन सेटमध्ये हरला, या वेळी माती लाल होती तरी. फेडररला केई निशिकोरीने बाहेर काढलं. अंतिम फेरीत नदालने स्टॅन वावरिंकाला ६–२, ६–४ असं हरवलं आणि पाठीवर पडून लाल भुकटी अंगाला लावून घेतली.